विश्लेषण : पदवीच्या मुलींच्या हाती दुर्बीण देणाऱ्या मारिया मिचेल कोण होत्या?

दीडशे वर्षांपूर्वी मुलींनी उच्च शिक्षण घेतले तर त्यांची प्रकृती ढासळेल, असे अमेरिकेतील काही नामवंत डॉक्टर छातीठोकपणे सांगत होते. त्याच काळात न्यूयॉर्क राज्यातील एका महाविद्यालयात पदवीच्या विद्यार्थिनी रात्री जागून ग्रहांचे वेध घेत होत्या, ग्रहणांचे गणित मांडत होत्या आणि सूर्यावरच्या डागांची छायाचित्रे काढत होत्या. त्यांच्या शिक्षिका मारिया मिचेल यांच्याकडे स्वतःच्या अभ्यासाने मिळवलेली एकही पदवी नव्हती. मिचेल यांची ओळख बहुतेकदा धूमकेतू शोधणारी पहिली अमेरिकी महिला एवढीच करून दिली जाते. मात्र त्यांचे अधिक टिकाऊ काम वर्गात झाले. पदवीच्या वर्गाला खगोलशास्त्र कसे शिकवावे, याचा एक नमुनाच त्यांनी घालून दिला.

बेटावरचे बालपण आकाशाशी कसे जोडले गेले?

मारिया यांचा जन्म १ ऑगस्ट १८१८ रोजी अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील नॅनटकेट या बेटावर झाला. दहा भावंडांत त्या तिसऱ्या. देवमाशांच्या शिकारीवर तेव्हा या बेटाचे पोट चाले. जहाजे निघाली की दोन-दोन, तीन-तीन वर्षे परतत नसत. पुरुष समुद्रावर असल्याने दुकानदारी आणि हिशेब बऱ्याच प्रमाणात बायकाच सांभाळत. मिचेल कुटुंब क्वेकर पंथाचे होते आणि या पंथात मुलामुलींना सारखेच शिक्षण देण्याची रीत होती.

वडील विल्यम मिचेल आधी शिक्षक होते, पुढे बँकेत रोखपाल झाले. आकाशनिरीक्षणाचा त्यांना नाद होता, पण बेटावर तो निव्वळ छंद नव्हता. भर समुद्रात आपण पूर्व-पश्चिम नेमके कुठे आहोत, हे कळण्यासाठी जहाजावर अचूक घड्याळ लागे. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. त्यामुळे मूळ ठिकाणची वेळ आणि जहाजावरची स्थानिक वेळ यांतल्या फरकावरून रेखांश काढता येतो. घड्याळ एक मिनिट चुकले तर विषुववृत्तापाशी जहाजाचा अंदाज सुमारे २८ किलोमीटरने चुकतो. खडकांच्या किनाऱ्याजवळ एवढी चूक जिवावर बेतू शकते. म्हणून सफरीला निघण्यापूर्वी कप्तान आपली घड्याळे मिचेल यांच्याकडे आणत. ताऱ्यांचे वेध घेऊन घड्याळ रोज किती पुढे जाते किंवा मागे पडते, हे तिथे ठरवले जाई.

मारिया हे काम वडिलांच्या शेजारी उभे राहून शिकल्या. १२ फेब्रुवारी १८३१ रोजी कंकणाकृती सूर्यग्रहण झाले, तेव्हा त्या १२ वर्षांच्या होत्या. वडील दुर्बिणीतून पाहत होते आणि मारिया घड्याळाचे सेकंद मोजत होत्या. त्या नोंदींवरून त्यांनी आपल्या घराचा रेखांश काढला. पुढे दोनेक वर्षांत तर वडील घरी नसले तरी कप्तान या मुलीच्या हाती घड्याळ सोपवून निश्चिंत होऊ लागले.

कॉलेज नव्हते, मग शिक्षण कुठे झाले?

मुलींना प्रवेश देणारी महाविद्यालये तेव्हा जवळपास नव्हतीच. मारिया यांनी १८३५ मध्ये, वयाच्या १७ व्या वर्षी स्वतःची छोटी शाळा काढली. बेटावर शाळांमधील वर्णभेदाचा वाद पेटलेला असताना त्यांनी गोरेतर मुलांनाही प्रवेश दिला. पुढल्याच वर्षी त्या नॅनटकेटच्या अथेनियम या वाचनालयात ग्रंथपाल झाल्या. ही नोकरी त्यांनी सुमारे २० वर्षे केली.

वाचनालय रोज काही तासच उघडे असे. उरलेला वेळ आणि कपाटांतली पुस्तके, दोन्ही त्यांच्या हाती होते. नौकानयनाचे गणित, ग्रहगतीवरचा लाप्लास यांचा ग्रंथ, कक्षा कशा काढाव्यात यावरचे गाऊस यांचे लेखन त्यांनी एकट्याने वाचून काढले. दिवसा गणित आणि रात्री बँकेच्या गच्चीवर दुर्बीण असा त्यांचा दिनक्रम होता. कुटुंब त्या काळी बँकेच्याच इमारतीत राहत होते. कुणी हात धरून शिकवले नसल्याने अडलेली जागा स्वतः सोडवायची त्यांना सवय लागली. पुढे विद्यार्थिनींकडूनही त्यांनी याच सवयीची अपेक्षा ठेवली.

धूमकेतू कसा सापडला?

१ ऑक्टोबर १८४७ च्या रात्री घरी पाहुणे आले होते. मारिया गुपचूप उठून गच्चीवर गेल्या. साडेदहाच्या सुमारास ध्रुवताऱ्याच्या जवळपास त्यांना एक अंधूक, पुसट ठिपका दिसला. हा भाग त्यांना तोंडपाठ होता आणि तिथे असे काही असल्याची नोंद नव्हती. वडिलांना लगेच जगाला कळवायचे होते. मारिया मात्र खात्री झाल्याशिवाय बोलायला तयार नव्हत्या. तारा जागा सोडत नाही, धूमकेतू सरकतो. तो ठिपका सरकत होता.

३ ऑक्टोबरला वडिलांनी हार्वर्डच्या वेधशाळेला पत्र लिहिले. त्याच दिवशी रोममध्ये फ्रान्सेस्को दे विको यांनाही हा धूमकेतू दिसला आणि त्यांची बातमी युरोपात आधी पोहोचली. दुर्बिणीतून नवा धूमकेतू शोधणाऱ्याला डेन्मार्कचे राजे सुवर्णपदक देत. शोध तत्काळ कळवला पाहिजे, अशी त्याची अट होती. त्यामुळे मान कुणाचा, हा प्रश्न उभा राहिला. हार्वर्डचे अध्यक्ष एडवर्ड एव्हरेट यांनी मारिया यांची बाजू लावून धरली. अखेर त्यांचा वेध दोन दिवस आधीचा असल्याचे मान्य झाले आणि १८४८ मध्ये पदक त्यांना मिळाले.

प्रसिद्धीनंतर काय बदलले?

त्याच वर्षी अमेरिकन अकॅडमी ऑफ आर्ट्‌स अँड सायन्सेसने त्यांना सदस्यत्व दिले. हा मान मिळालेली ती पहिली महिला. मात्र त्यांच्या सदस्यत्वाच्या छापील पत्रावरचा पूर्ण सदस्यासाठीचा शब्द खोडून तिथे मानद सदस्य असे लिहिले गेले. शोध मान्य झाला तरी शोधकर्तीला बरोबरीची जागा द्यायला संस्था कचरत होती. हा अनुभव त्यांना पुढेही येत राहिला.

१८४९ पासून त्यांना अमेरिकी सरकारच्या नौकानयन पंचांगासाठी गणिताचे काम मिळाले. शुक्र कोणत्या दिवशी आकाशात कुठे असेल, याची कोष्टके त्या तयार करत. वर्षाला ३०० डॉलर मानधन होते. हे काम त्यांनी सुमारे १९ वर्षे केले. आकडेमोडीचे हे काम घरबसल्या करता येत असल्याने वाचनालयाची नोकरीही सुरू राहिली.

१८५७ मध्ये त्या युरोपला गेल्या. इंग्लंडमध्ये जॉन हर्शेल यांना, तर इटलीत गणितज्ञ मेरी सॉमरव्हिल यांना त्या भेटल्या. रोमची वेधशाळा जेसुइट धर्मगुरूंच्या मठात होती आणि तिथे महिलांना प्रवेश नव्हता. बरीच खटपट केल्यावर मारिया यांना परवानगी मिळाली, पण रात्र होण्याआधी बाहेर पडण्याच्या अटीवर. वेधशाळेत जायचे आणि तारे न पाहताच परतायचे, असा तो प्रकार होता. मायदेशी मात्र महिलांनी वर्गणी काढून त्यांना ५ इंची दुर्बीण भेट दिली.

व्हॅसार कॉलेज कसे होते? लिबरल आर्ट्‌स म्हणजे काय?

मॅथ्यू व्हॅसार हे न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी गावचे धनाढ्य मद्यउत्पादक. मुलींसाठी पुरुषांच्या तोडीचे महाविद्यालय काढण्यासाठी त्यांनी आपल्या संपत्तीचा मोठा वाटा दिला. सप्टेंबर १८६५ मध्ये, अमेरिकेतील यादवी युद्ध संपून काही महिनेच झाले असताना व्हॅसार कॉलेज सुरू झाले. पहिल्या वर्षी ३५३ विद्यार्थिनी आल्या.

हे लिबरल आर्ट्‌स महाविद्यालय होते. आपल्याकडे आर्ट्‌स म्हटले की विज्ञान सोडून बाकीचे विषय असे वाटते. इथे तसे नाही. भाषा, इतिहास, तत्त्वज्ञान, गणित, निसर्गविज्ञान आणि कला या सगळ्यांचा पाया एकाच विद्यार्थ्याने घालायचा आणि त्यातून पुढे एखादा विषय खोलवर शिकायचा, ही त्यामागची कल्पना. अशी महाविद्यालये साधारणपणे लहान असतात, वर्ग छोटे असतात आणि प्राध्यापकांचा मुख्य वेळ पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी असतो. मोठ्या संशोधन संस्थेत सर्वांत चांगली दुर्बीण संशोधकांच्या ताब्यात असते. इथे संशोधकांची वेगळी फळीच नसल्याने ती विद्यार्थ्यांच्या वाट्याला येऊ शकते.

व्हॅसारमध्ये तसेच झाले. कॉलेजच्या आवारात सर्वांत आधी उभ्या राहिलेल्या इमारतींत वेधशाळा होती. हेन्री फिट्झ यांनी बनवलेली तिथली १२ इंची दुर्बीण त्या वेळी देशातील सर्वांत मोठ्या दुर्बिणींपैकी एक होती. प्राध्यापक म्हणून पहिली नेमणूक मारिया मिचेल यांची झाली. वयाच्या ४७ व्या वर्षी त्या वृद्ध वडिलांसह वेधशाळेतच राहायला आल्या. वेधशाळा हेच घर झाले. शिकवण्याची खोलीही तीच आणि घुमटाकडे जाण्याची वाटही तीच.

मारिया यांचा वर्ग कसा चाले?

त्यांच्या वर्गात मुली मोजक्याच असत, कारण आधी गणित पक्के असावे लागे. तारे सुंदर दिसतात म्हणून विषय घेणाऱ्या मुलीला लवकरच गोलीय त्रिकोणमितीशी झुंजावे लागे. ग्रहण कधी लागेल, कुठून दिसेल, धूमकेतूची कक्षा कशी आहे, हे मुलींनी स्वतः मांडून काढायचे होते.

दुसरी बाजू प्रत्यक्ष वेधांची होती. उत्तर-दक्षिण रेषेवर पक्क्या बसवलेल्या दुर्बिणीतून तारा मध्यरेषा ओलांडताना पाहायचा, तो क्षण टिपायचा आणि त्यावरून घड्याळाची चूक काढायची. नॅनटकेटच्या कप्तानांसाठी मारिया लहानपणी जे करत, तेच आता पदवीच्या मुली शिकत होत्या. मोठ्या दुर्बिणीतून शनीचे उपग्रह आणि गुरूवरचे पट्टे पाहून त्यांची चित्रे काढली जात. १८७० च्या दशकात मारिया आणि विद्यार्थिनींनी सूर्यावरच्या डागांची नियमित छायाचित्रे घ्यायला सुरुवात केली. १८८२ मध्ये शुक्र सूर्यबिंबावरून सरकला, तेव्हा त्या अधिक्रमणाचीही छायाचित्रे व्हॅसारमध्ये घेतली गेली. ही कामे केवळ सरावासाठी दिलेली नव्हती. त्यांच्या नोंदी खगोलशास्त्राच्या उपयोगी पडणाऱ्या होत्या.

गुणांच्या पद्धतीवर मारिया यांचा विश्वास नव्हता. हजेरीचाही त्यांना तिटकारा होता. शिक्षक सांगतो म्हणून काही मान्य करू नये, पुस्तकात असले तरी तपासून पाहावे, असा त्यांचा आग्रह असे. वर्षातून एकदा घुमटाखाली विद्यार्थिनींची मेजवानी होई. त्यात एकमेकींवर रचलेल्या विनोदी कविता वाचल्या जात. या मेजवान्या व्हॅसारमधली परंपराच होऊन बसल्या.

अडचणी कोणत्या होत्या?

पहिली अडचण रात्रीचीच. मुलींनी ठरावीक वेळी खोलीत परतून दिवे मालवावेत, असा वसतिगृहाचा नियम होता. तारे हा नियम पाळणारे नव्हते. रात्री न जागता खगोलशास्त्र शिकता येत नाही, ही साधी गोष्ट मारिया यांना व्यवस्थापनाला पुन्हा पुन्हा समजावून सांगावी लागली. रोमच्या वेधशाळेतून त्यांना अंधारापूर्वी बाहेर पडावे लागले होते. आपल्या विद्यार्थिनींवर ती वेळ येऊ नये, यासाठी त्या अडून बसल्या.

दुसरी अडचण पगाराची. देशभर नाव झालेले असूनही आपला पगार वयाने लहान असलेल्या कित्येक पुरुष प्राध्यापकांपेक्षा कमी आहे, हे त्यांच्या लक्षात आले. प्राध्यापकांमधील दुसऱ्या महिला डॉ. ॲलिडा एव्हरी यांच्यासह त्यांनी वाढीची मागणी केली आणि ती मिळवली.

तिसरी अडचण सर्वांत मोठी होती. १८७३ मध्ये बोस्टनचे डॉक्टर एडवर्ड क्लार्क यांचे पुस्तक आले. मुलांसारखा कसून अभ्यास केल्यास मुलींच्या शरीराची, विशेषतः प्रजननक्षमतेची हानी होते, असा त्यांचा दावा होता. पुस्तकात व्हॅसारच्या एका विद्यार्थिनीचे उदाहरणही होते. पुस्तक भरपूर खपले. मुलीला कॉलेजात पाठवायचे की नाही, या विचारात असलेल्या पालकांवर त्याचा परिणाम होणार हे उघड होते. महिलांची महाविद्यालये तेव्हा नुकती उभी राहत होती. विद्यार्थिनीच आल्या नसत्या, तर वेधशाळा असून नसल्यासारखी झाली असती.

त्याच वर्षी मारिया आणि इतर महिलांनी महिलांच्या उन्नतीसाठी राष्ट्रीय पातळीवरची संघटना स्थापन केली. पुढे त्या तिच्या अध्यक्षही झाल्या.

१८७८ चे ग्रहण का महत्त्वाचे ठरले?

खग्रास सूर्यग्रहणाच्या मोहिमेवर विद्यार्थिनींना नेण्याचा प्रयोग मारिया यांनी १८६९ मध्येच केला होता. तेव्हा त्या आयोवा राज्यातील बर्लिंग्टनला गेल्या होत्या. २९ जुलै १८७८ रोजीच्या ग्रहणाचा पट्टा पश्चिमेकडील वायोमिंग आणि कोलोरॅडोतून जात होता. सरकारने पुरुष शास्त्रज्ञांच्या तुकड्या पाठवल्या. थॉमस एडिसनही वायोमिंगला पोहोचले. तेव्हा साठीला टेकलेल्या मारिया व्हॅसारच्या माजी विद्यार्थिनींची तुकडी घेऊन आपल्या बळावर डेन्व्हरला निघाल्या.

हा हजारो किलोमीटरचा रेल्वेप्रवास होता. वाटेत दोन रेल्वे कंपन्यांच्या भांडणात सामान अडकले आणि त्यातच दुर्बिणीची भिंगे होती. ग्रहण काही थांबणार नव्हते. सुदैवाने भिंगे वेळेत हाती आली. शहराबाहेर तुकडीने दुर्बिणी लावल्या आणि प्रत्येकीला काम वाटून दिले. खग्रास स्थिती तीन मिनिटांहूनही कमी होती. तेवढ्यात सूर्याभोवतीच्या प्रभामंडलाचा आकार आणि विस्तार टिपायचा होता.

या निरीक्षणांतून एखादा मोठा शोध लागला नाही. पण लांबचा प्रवास, उन्हाळा, धावपळ आणि अचूक वेध हे सारे उच्चशिक्षित तरुणींनी पार पाडल्याचे लोकांनी पाहिले आणि वृत्तपत्रांनी त्याची दखल घेतली. अभ्यासाने मुली दुबळ्या होतात, या दाव्याला मिळालेले हे कृतीतले उत्तर होते.

त्यांच्या विद्यार्थिनींनी पुढे काय केले?

एखाद्या शिक्षिकेच्या कामाचे मोल तिच्या विद्यार्थ्यांवरून कळते. मेरी व्हिटनी यांनी १८६८ मध्ये व्हॅसारची पदवी घेतली आणि मारिया यांच्यानंतर त्याच वेधशाळेचा कारभार सांभाळला. खगोलशास्त्र शिकलेल्या एलन स्वॅलो रसायनशास्त्राकडे वळल्या. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत प्रवेश मिळालेल्या त्या पहिल्या महिला. लग्नानंतर एलन रिचर्ड्‌स या नावाने त्यांनी पाण्याच्या शुद्धतेवर मूलभूत काम केले. क्रिस्टीन लॅड यांनी तर्कशास्त्रात आणि रंगदृष्टीच्या अभ्यासात नाव मिळवले. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील त्यांचे डॉक्टरेटचे काम १८८२ मध्येच पूर्ण झाले होते. महिला असल्याने पदवी नाकारली गेली आणि ती १९२६ मध्ये मिळाली.

अँटोनिया मॉरी १८८७ मध्ये पदवीधर झाल्या आणि हार्वर्ड वेधशाळेत गेल्या. ताऱ्यांच्या वर्णपटांतील रेषा किती बारीक आहेत आणि किती ठळक, हे बघून त्यांनी स्वतंत्र वर्गीकरण केले. वेधशाळेच्या प्रमुखांना ते फारसे रुचले नाही. पुढे डॅनिश खगोलशास्त्रज्ञ हर्ट्‌झस्प्रुंग यांना त्याच वर्गीकरणातून राक्षसी तारे आणि सामान्य तारे यांतला फरक पक्का करता आला. चारचौघे मानतात म्हणून मानू नये, आपण पाहिलेल्यावर ठाम राहावे, ही व्हॅसारच्या घुमटाखालची शिकवण त्यांच्या कामात दिसते.

सगळ्याच विद्यार्थिनी अर्थात शास्त्रज्ञ झाल्या नाहीत. अनेक जणी शिक्षिका झाल्या, अनेकींनी संसार केला. लिबरल आर्ट्‌सच्या शिक्षणात हे अपयश मानत नाहीत. पुरावा कशाला म्हणायचे आणि आकडा कसा तपासायचा, हे एकदा हातात आले की ते कोणत्याही कामात उपयोगी पडते.

आज त्यांचे काय उरले आहे?

प्रकृती साथ देईना, तेव्हा १८८८ च्या अखेरीस मारिया यांनी व्हॅसार सोडले. २८ जून १८८९ रोजी मॅसॅच्युसेट्समधील लिन येथे वयाच्या ७० व्या वर्षी त्यांचे निधन झाले. नॅनटकेट बेटावरच त्यांना दफन करण्यात आले. चंद्रावरील एका विवराला आणि एका लघुग्रहाला त्यांचे नाव आहे. बेटावर त्यांच्या स्मरणार्थ १९०२ मध्ये संस्था स्थापन झाली. ती आजही वेधशाळा चालवते.

व्हॅसारची जुनी वेधशाळा अजून उभी आहे आणि राष्ट्रीय वारसा म्हणून जपली गेली आहे. १९६९ पासून कॉलेजात मुलगेही शिकतात. आता आकाशनिरीक्षणासाठी आवारात नवी वेधशाळा आहे आणि तिथे पदवीचे विद्यार्थी वेध घेतात. दुर्बिणी आता संगणकावर चालतात. पण अठरा-वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने दुसऱ्याने काढलेले चित्र न पाहता स्वतः वेध घ्यावा, त्याचे गणित मांडावे आणि आपल्या उत्तराची जबाबदारी घ्यावी, हा पाठ तोच आहे. मारिया यांनी १८६५ मध्ये तो सुरू केला, तेव्हा त्यासाठी मुलींना आधी रात्री बाहेर पडण्याची मुभा मिळवावी लागली होती.